मृगाला एकच डहाळी

चारुलताबाईंना चेन्नईत येऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात त्यांचा सल्ला कुणी म्हणता कुणी विचारला नव्हता. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एसी चालू ठेवू का, हे देवेश रोज विचारायचा; पण ती झाली काळजी. कऱ्हाडला त्यांच्या परसात येऊन माणसं जे विचारायची, की गुलाबावर मावा पडलाय, काय मारू, मोगऱ्याला कळी धरत नाही, काय घालू, तसलं विचारणारं इथे कोण होतं? नवरा गेला, घर परसासकट विकलं, आणि बाई मुलाच्या मागोमाग वेस्ट मांबलमच्या एका तळमजल्यावर येऊन पडल्या. देवेश सकाळी सिरुसेरीला जाणारी कंपनीची बस पकडायचा, तो अंधार पडल्यावर उगवायचा. मधला सगळा दिवस भाजीवालीशी बोटांनी घासाघीस करण्यात आणि पंखा बघण्यात जायचा.

याला अपवाद एकच, आणि तो वरच्या मजल्यावर राहत होता. घरमालकीण हरिप्रियाबाई. त्यांचे पूर्वज तीनएकशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच होऊन गेले. घरात मराठी मात्र अजून टिकून होती. पणजीच्या पेटीतून काढलेल्या लुगड्यासारखी ती मराठी, जुनी, भरजरी, आणि जिथे विरली तिथे तमिळचं ठिगळ लावलेली. चारुलताबाई घर बघायला आल्या त्या दिवशी कऱ्हाडचं नाव ऐकून हरिप्रियाबाईंनी त्यांचे दोन्ही हातच धरले होते.

"कऱ्हाड म्हणजे कृष्णेकाठचें? अय्यो! म्हणजे तुम्ही अस्सल देशावरच्या. आम्ही नुस्तें नांवाचे मराठे. आमचें काय चुकतें, काय राहातें, तुम्हीच सांगायचें आतां."

बस्स. चारुलताबाईंना एवढंच हवं होतं. मग पुरणात जायफळ किती, चैत्रगौरीपुढे काय मांडतात, अमुक शब्द तिकडे अजून म्हणतात का, असलं सगळं हरिप्रियाबाई विचारायच्या आणि चारुलताबाई सांगायच्या. माहीत नसेल तेही सांगायच्या, हे आपलं आपल्यात. सांगताना त्यांची कंबर दुखायची थांबायची.

कंपाउंडच्या भिंतीकडेने हरिप्रियाबाईंची बाग होती आणि ती नखशिखांत लाल होती. लाल कर्दळ, लाल कण्हेर, आणि जिच्या गुच्छाला इथे इडलीचं फूल म्हणतात ती लाल एक्झोरा. देवीला तांबडं आवडतं, म्हणून दुसरा रंग त्या फाटकातून कधी आत आलाच नव्हता. सगळी चिवट जात, एकदा लावली की वर्षानुवर्षं हटत नाही. त्यातली म्हातारी होती विहिरीकडची जास्वंद. साधी, पाच पाकळ्यांची, आताच्या नर्सरीत कुणी फुकट दिली तरी घेणार नाही अशी. पण तिची फांदी हरिप्रियाबाईंच्या सासूने तंजावरच्या घरून आणलेली, तिथल्या झाडाची फांदी त्याच्याही आधीच्या झाडाची, आणि नवरात्रात घरच्या भवानीला माळ घालायची ती याच जास्वंदीच्या फुलांची. त्यात कधी खंड पडला नव्हता.

मे महिन्यात हरिप्रियाबाई निघाल्या. त्यांची मुलगी सौम्या पुण्यात होती, जावई मकरंद तिथल्या मोटारींच्या कारखान्यात, आणि पहिलं बाळंतपण. आयुष्यात पहिल्यांदाच हरिप्रियाबाई महाराष्ट्र बघणार होत्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी चारुलताबाईंना विहिरीपाशी नेलं आणि वरच्या घराची किल्ली नि एक छोटी कोयती त्यांच्या हातात दिली. देवीच्या तसबिरीमागे ठेवलेली ती कोयती एरवी भाजीलासुद्धा लावायची नाही, असा तिचा मान होता.

"मिरग लागेल त्या दिवशीं न्हाऊन, हिला हळदकुंकू लावायचें आणि झाडाची एक डहाळी कापायची. एकच. ती देवीपुढें ठेवायची. मग तें तिकडे ओलें पोतें टांगायचें, मावळतीकडून. आडी महिना सरेपर्यंत, म्हणजे अर्धा ऑगस्ट."

"का हो, एकच का?"

"कां म्हणजे? रीत आहे. माझ्या सासूला पण ठाऊक नव्हतें."

चारुलताबाईंनी मान डोलावली. पण त्यांच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं, बिचारे! मृगाची छाटणी म्हणजे काय ते इतक्या पिढ्यांत विसरूनच गेले, नि हातात राहिली एक काडी. कऱ्हाडला त्या दर मृगाला जास्वंद गुडघ्याएवढी खाली आणायच्या. शेंड्यांना शेणाचा लेप लावायच्या, पंधरवड्यात झाड फुटवे काढायचं आणि गणपतीला फुलं तोडता तोडता हात भरून यायचे. आपल्याला 'अस्सल देशावरच्या' म्हणणाऱ्या बाईला नवरात्रात झाड दुप्पट फुललेलं दाखवायचं, असं त्यांनी तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर बसून ठरवून टाकलं.

मृग लागला. चारुलताबाई न्हाल्या, कोयतीला हळदकुंकू लावलं, एक डहाळी कापून वर देवीपुढे ठेवून आल्या. इथवर सगळं सांगितल्याबरहुकूम. मग त्यांनी ट्रंकेतून आपली कऱ्हाडची छाटणीची कात्री काढली. कत्तिरीचा, म्हणजे इथल्या अग्निनक्षत्राचा उन्हाळा संपला होता, कॅलेंडरवर मृगाचं चित्र होतं, हाताला जुनी सवय होती. कात्री इतक्या दिवसांनी चालताना किती बरं वाटलं त्यांना! संध्याकाळी जास्वंद गुडघ्याएवढी झाली. पोत्याचं काय, पाऊस पडणार तर पोतं कशाला? त्यांनी ते घडी करून मोरीपाशी ठेवलं.

पाऊस कुठला पडतोय! चेन्नईला जूनमध्ये पाऊस असतो असं त्यांना कुणी सांगितलं होतं? इथला खरा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो, हे त्यांना माहीत होतं. मागच्या वर्षी त्याच पाण्यात देवेशची बस अडकली होती. पण माहीत असणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. कात्री धरलेला हात अजून कऱ्हाडलाच होता. कोवळे फुटवे आले आणि दुपारच्या उन्हात करपले. पुन्हा आले, पुन्हा करपले. दुपारनंतर सूर्य थेट विहिरीवर उतरायचा आणि उघड्या बुंध्याची साल तडकायची. चारुलताबाईंनी घाबरून पोतं टांगलं, तोवर उशीर झाला होता. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तांदळाचं धुवण घातलं. जास्वंद काही हलेना. विहिरीपाशी नुसत्या काळपट काठ्या उभ्या राहिल्या.

तिकडून हरिप्रियाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पुण्याला मृगाच्या मुहूर्तावर आलेल्या पावसाचा त्यांचा आनंद महिना झाला तरी ओसरला नव्हता. "मिरगाला पाऊस, चारुलताबाई! खराच येतो! आमच्याकडे नुस्तें नांव राहिलें होतें." त्या सांगत होत्या आणि चारुलताबाई घाम पुसत फोन कर्दळीकडे धरून उभ्या होत्या. कर्दळ मस्त फुलली होती. मग कण्हेर दाखवली, मग इडलीच्या फुलाचे गुच्छ दाखवले.

"विहिरीकडची कशी आहे?" हरिप्रियाबाईंनी विचारलं.

"छान आहे," चारुलताबाई म्हणाल्या आणि फोन पुन्हा कर्दळीकडे वळवला.

तोंडातून निघून गेलं. पुढच्या कॉलला खरं सांगू म्हणाल्या. पण पुढच्या कॉलला नात झाल्याची बातमी होती. अशा वेळी झाड मेल्याचं कुठे सांगायचं? त्याच्या पुढच्या वेळी हरिप्रियाबाईंनी आपणहूनच पुन्हा विचारलं. जरा थांबून, चेहऱ्याकडे बघत विचारलं. "डहाळी कापलांत ना? एकच?" आणि चारुलताबाई "हो हो, एकच" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभ्या राहिल्या. शाळेतल्या पोरीसारखं खोटं बोललो, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

देवेशला शेवटी सांगावंच लागलं. तो हसला, एवढंच ना म्हणाला, आणि रविवारी समुद्राकाठच्या ईसीआर रस्त्यावरच्या नर्सरीतून कुंडी घेऊन आला. "आई, हीपण लाल आहे. रातोरात लावून टाकू. त्यांना काय कळतंय!"

फूल लाल होतं खरं, पण भरगच्च पाकळ्यांचं, बशीएवढं. चारुलताबाईंनी ते पाहिलं आणि नाही म्हणाल्या. मग दोन दिवस त्याच विचारात काढले आणि तिसऱ्या दिवशी, देवेश कामावर गेल्यावर, कुदळ घेऊन विहिरीपाशी गेल्या. फुलं गळली की पानावरून कोण ओळखणार? नवीन लावू, नवरात्रात म्हणू की या वर्षी कळी धरली नाही. माणूस एकदा खोट्यात शिरला की आतल्या आत खोल्या बांधत जातो, तसं त्यांचं झालं होतं.

जुनी मुळं काढायला त्यांनी माती ओढली. कुदळ बुंध्याला घासली, मातीखालची साल निघाली आणि आत हिरवं दिसलं.

त्यांनी कुदळ टाकली, गुडघे टेकले, नखाने आणखी जरा खरवडलं. ओलं, हिरवंगार. चारुलताबाईंना तिथेच रडू फुटलं. झाड जिवंत होतं आणि आपण त्याला खणून काढणार होतो, नुसतं आपलं तोंड लपवायला! त्यांनी माती परत ओढली, दोन्ही हातांनी दाबून बसवली, पोतं पाण्यात बुडवून मावळतीकडून नीट टांगलं. नर्सरीची कुंडी त्यांनी शेजारच्या शरण्याला देऊन टाकली. शरण्या खूश झाली आणि 'थँक्यू पाट्टी' म्हणाली. तमिळमधली आजी व्हायला चारुलताबाईंना त्या दिवशी काही हरकत वाटली नाही.

आडी सरला. संध्याकाळी कधीमधी गडगडाट होऊन एखादी सर पडू लागली आणि जास्वंदीच्या बुडातून फुटवे आले. या वेळी ते करपले नाहीत. पण हरिप्रियाबाई परतल्या तेव्हा ते जेमतेम वीतभर झाले होते आणि नवरात्र दारात होतं.

रिक्षा फाटकाशी थांबली. चारुलताबाईंनी रात्रभर शब्द जुळवले होते, ते सगळे विसरले. बॅग उतरायच्या आत त्या म्हणाल्या, "हरिप्रियाबाई, विहिरीकडची जास्वंद मी मृगाला सगळी छाटली. पोतंही टांगलं नाही. झाड जळलं. आता बुडातून फुटलंय, पण फुलं येणार नाहीत. तुमच्याशी मी खोटं बोलले."

हरिप्रियाबाई विहिरीपर्यंत गेल्या, वाकून ते फुटवे बघितले. मग परत येऊन बॅग उचलली आणि जिना चढून वर गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चारुलताबाईंना वाटत राहिलं.

नवरात्र बसलं. वर बाहुल्यांचा कोलू मांडला गेला, बायका हळदीकुंकवाला जिन्यावरून चढू-उतरू लागल्या, खोबरं घातलेल्या उसळीचा, सुंदलचा वास खाली येऊ लागला. देवीला इडलीच्या फुलांची माळ गेली. खाली बोलावणं आलं नाही. देवेश म्हणाला, दुसरं घर बघू का? चारुलताबाईंनी त्याला गप्प केलं. पण कऱ्हाडचं घर विकलं त्या दिवसानंतर एवढं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

अष्टमीच्या दुपारी जिन्यावरून हाक आली. "चारुलताबाई! वर या."

वर कुणी नव्हतं. देवीपुढे समई होती. हरिप्रियाबाईंनी त्यांच्यासमोर सुंदलचा द्रोण ठेवला आणि आपण भिंतीला टेकून बसल्या.

"पुण्यांत सौम्याच्या खालीं एक गृहस्थ राहातात," त्या म्हणाल्या. "मिरगाचा पाऊस पडला आणि ते कात्री घेऊन त्यांचीं सगळीं जास्वंदें कापीत सुटले. मी गॅलरींतून ओरडलें, एकच, एकच! ते हंसले. आजी, पंधरा दिवसांनीं बघा, म्हणाले. पंधरा दिवसांनीं पाहिलें तों झाडें पानांनीं भरून गेलेलीं."

चारुलताबाई खाली मान घालून ऐकत होत्या.

"तेव्हां मला कळलें, आमच्यांत एकच कां. आमची पहिली कोण बाई तंजावरास आली असेल, तिनें मिरग लागला म्हणून झाड सगळें कापलें असेल. तिला काय ठाऊक, इकडचें वेय्यिल, ऊन, कसें तें. झाड जळलें असेल, सासू बोलली असेल, ही रडली असेल. पण मिरग पाळायचा सोडवला नसेल. म्हणून एक डहाळी. म्हणून पोतें." त्यांनी डोळे टिपले. "मग मीच घाबरल्यें. म्हटलें, चारुलताबाई पण तिकडच्याच, त्यांनीही कापलें असेल. म्हणून मी विचारलें. दोनदां विचारलें."

"हो," चारुलताबाई म्हणाल्या.

"झाड कापलांत तें ऊन ठाऊक नाहीं म्हणून. परवायिल्लै, जाऊं दे तें. मी पुण्यांत राहून त्या कापणाऱ्याला वेडा म्हटलेंच होतें. पण खोटें कां बोललांत?"

चारुलताबाईंनी वर पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "मला इथं कोण विचारतं, हरिप्रियाबाई? तुम्ही मला अस्सल देशावरची म्हणालात. त्या एका शब्दावर मी या गावात उभी होते. झाड जळलं सांगितलं असतं तर मी कोण राहिले असते? दोन खोल्यांची भाडेकरीण."

हरिप्रियाबाईंनी द्रोण पुढे सरकवला. "खा. निवतें आहे," त्या म्हणाल्या. "आणि पुरणाचें कळत नव्हतें तेव्हांही तुम्ही ठोकून सांगत होतांत, तें मला ठाऊक होतें."

चारुलताबाईंना हसूही आलं आणि रडूही. त्या दिवशी देवीची आरती दोघींनी मिळून म्हटली, एकीची चाल एक आणि दुसरीची दुसरी.

मोठा पाऊस येऊन गेला, पोंगल झाला आणि जास्वंदीला पहिली कळी आली. मग ती थांबलीच नाही. पुढच्या मृगाला ती कमरेच्या वर गेली होती. हरिप्रियाबाईंनी कोयतीला हळदकुंकू लावलं आणि चारुलताबाईंच्या हातात दिली. पुण्याहून सौम्याचा कॉल चालू होता. मांडीवर वर्षाची होत आलेली लेक फोनला चाटायला बघत होती.

"अम्मा, एकच कां?" सौम्याने तिकडून विचारलं. "पुण्यांत सगळे पूर्ण कापतात. हिला मोठी झाल्यावर मी काय सांगूं?"

इतकी वर्षं या प्रश्नाला 'रीत आहे' हे एकच उत्तर होतं. हरिप्रियाबाई म्हणाल्या, "सांग, देशावरून एक बाई आली. तिनें मिरगाला सगळें झाड कापलें. तेव्हांपासून एकच."

"कोण बाई?"

हरिप्रियाबाईंनी चारुलताबाईंकडे बघितलं आणि मग कर्दळीकडे बघत म्हणाल्या, "फार जुनी गोष्ट. नांव कोणाला ठाऊक नाहीं."

चारुलताबाईंनी एक डहाळी कापली. कोयती कट्ट्यावर ठेवली, हरिप्रियाबाईंच्या हातातून फोन घेतला आणि कर्दळीकडे नाही, विहिरीकडे वळवून जास्वंदीसमोर नीट धरला. जुने जळके बुंधे खाली तसेच होते आणि त्यांच्यामधून नवीन फांद्या वर गेल्या होत्या.

"ही बघ जास्वंद," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या लेकीला सांग, बाया दोन होत्या. पहिलीचं नाव ठाऊक नाही. दुसरी मी, चारुलता."

मग फोन परत देऊन त्यांनी बादलीतलं पोतं पिळलं आणि मावळतीकडून टांगायला घेतलं.